बर्फाखालची इवलीशी वस्ती आणि चढता पारा

उत्तर ध्रुव म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? बर्फाच्या तुकड्यावर एकटे उभे असलेले पांढरे अस्वल, समुद्रात कोसळणारा हिमनग, आकाशात नाचणारे हिरवे प्रकाशझोत. हवामान बदलावरचा कोणताही व्हिडिओ उघडा, हीच चित्रे दिसतात. पण आज आपण जरा खाली वाकून बघणार आहोत. इतके खाली, की गुडघे टेकावे लागतील आणि हातात भिंग घ्यावे लागेल.

कारण आर्क्टिकमध्ये म्हणजे उत्तर ध्रुवीय प्रदेशात जमिनीवर जे प्राणी दिसतात, त्यांच्या कितीतरी पटींनी जास्त प्राणी जमिनीच्या आत राहतात. ते इतके लहान असतात, की एखादा तुमच्या नखावर बसला तरी धूळ समजून तुम्ही झटकून टाकाल. त्यांचे फोटो कॅलेंडरवर छापले जात नाहीत आणि त्यांना वाचवा म्हणून कुणी मोर्चाही काढत नाही. तरीही तापणाऱ्या पृथ्वीच्या हिशेबात या मंडळींना जागा द्यावीच लागते.

मातीत राहते तरी कोण?

उत्तर ध्रुवाच्या आसपासच्या जमिनीला टुंड्रा म्हणतात. तिथे आपल्यासारखी झाडे नसतात. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर ‘विलो’ नावाचे झुडूप आहे, पण ते उंच वाढतच नाही. जमिनीला चिकटून जेमतेम काही सेंटीमीटर डोके वर काढते. बाकी सगळे शेवाळ, दगडफूल, गवत आणि बुटकी झुडपे. उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा. त्या काळात जमिनीचा फक्त वरचा थर वितळतो. त्याखाली वर्षानुवर्षे गोठलेली जमीन असते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात.

या वरच्या पातळ थरातच सगळी वस्ती असते. त्यातले मुख्य रहिवासी असे:

स्प्रिंगटेल: शास्त्रीय नाव कोलेंबोला. एक-दोन मिलिमीटर लांब, सहा पायांचे. पोटाखाली दुमडलेली काटेरी शेपटी असते. धोका वाटला की ती स्प्रिंगसारखी सुटते आणि प्राणी टुणकन उडतो. सहा पाय असले तरी आजचे शास्त्रज्ञ त्यांना कीटकांमध्ये मोजत नाहीत. त्यांचे घराणे फार जुने आहे. स्कॉटलंडमध्ये सापडलेले त्यांचे जीवाश्म सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे डायनासोर येण्याच्या कितीतरी आधीपासून हे जमिनीत टुणटुण उड्या मारत होते.

माइट: आठ पायांचे, कोळ्यांचे दूरचे भाऊबंद. मातीतल्या बऱ्याच माइटच्या अंगावर कठीण कवच असते. काही तर छोट्या तपकिरी मण्यासारखे दिसतात. यांचे आयुष्य अगदी संथ. थंड प्रदेशातल्या काही माइटना अंड्यापासून प्रौढ व्हायलाच काही वर्षे लागतात.

सूत्रकृमी: दोऱ्यासारखे बारीक किडे. महाराष्ट्रातल्या टोमॅटो किंवा डाळिंब पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे नाव ऐकूनच धडकी भरते, कारण त्यांच्यातली काही जात मुळांवर गाठी करते. पण बहुतेक सूत्रकृमी पिकांच्या वाटेला जात नाहीत. ते जिवाणू आणि बुरशी खाऊन जगतात. २०१९ मध्ये जगभरच्या मातीचे नमुने एकत्र करून एक मोठा हिशेब मांडला गेला. पृथ्वीवरच्या वरच्या मातीतल्या सगळ्या सूत्रकृमींपैकी सुमारे ३८ टक्के आर्क्टिकला लागून असलेल्या थंड पट्ट्यात निघाले. उष्ण कटिबंधाच्या वाट्याला आले २१ टक्के. म्हणजे आपल्याला जी जमीन ओसाड वाटते, ती जीवांनी खच्चून भरलेली आहे.

याशिवाय गांडुळांचे बारीक पांढरे नातेवाईक आणि आठ पायांची, सूक्ष्मदर्शकातून अस्वलासारखी दिसणारी जलअस्वले आहेतच. स्वालबार्डसारख्या बेटसमूहावर नुसत्या स्प्रिंगटेलच्याच साठहून अधिक जाती नोंदवल्या गेल्या आहेत. चांगल्या जागी एका चौरस मीटर जमिनीत ते हजारोंच्या संख्येने सापडतात. जिथे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत पडते, तिथे तर गर्दीला सीमाच नसते.

थंडीशी जमवून घेण्याची कला

आपल्याला थंडी वाजली की आपण स्वेटर घालतो. एक मिलिमीटरच्या जिवाने काय करावे? शरीरातले पाणी गोठले तर बर्फाच्या टोकदार स्फटिकांनी पेशी फाटतात आणि खेळ संपतो.

प्रत्येकाने यावर आपापला तोडगा काढला आहे. बरेच माइट आणि स्प्रिंगटेल शरीरात गोठणरोधक द्रव्ये तयार करतात. गाडीच्या रेडिएटरमध्ये आपण कूलंट घालतो, तसेच काहीसे. त्यामुळे शरीरातला द्रव शून्याच्या बऱ्याच खालीही द्रवच राहतो. हिवाळा सुरू होण्याआधी ते पोटही रिकामे करतात, कारण पोटातल्या अन्नकणाभोवती बर्फ धरायला सुरुवात होऊ शकते. आपल्याकडे चातुर्मासात उपास करतात, यांचा उपास हिवाळाभर चालतो.

मेगाफोरुरा आर्क्टिका नावाच्या स्प्रिंगटेलची युक्ती याहून अजब. आजूबाजूची माती गोठू लागली, की तो आपल्या पातळ कातडीतून शरीरातले पाणी बाहेर जाऊ देतो. तो वाळत जातो, सुरकुततो, मनुक्यासारखा होतो. त्याच वेळी शरीरात ट्रेहॅलोज नावाची साखर वाढते. आता गोठण्यासारखे पाणीच फारसे उरलेले नसते, आणि जे आहे ते दाट पाकासारखे. वसंतात बर्फ वितळला की तो पाणी शोषून पुन्हा फुगतो आणि कामाला लागतो.

सूत्रकृमींची गोष्ट तर दंतकथेसारखी वाटेल. सायबेरियात कोलिमा नदीच्या काठच्या पर्माफ्रॉस्टमधून काढलेले सूत्रकृमी प्रयोगशाळेत वितळवल्यावर हालचाल करू लागले आणि त्यांनी पिल्लेही जन्माला घातली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ते सुमारे ४६,००० वर्षांपूर्वी गोठले होते. त्या काळी तिथे मॅमथ हिंडत होते.

एवढे कणखर जीव! मग दोन-चार अंश तापमान वाढले तर त्यांचे काय बिघडणार? उलट त्यांना बरेच वाटेल, असे तुम्ही म्हणाल. पण आधी त्यांचे काम काय ते पाहू.

मातीतला सफाई विभाग

झाडाचे पान गळले, गवत वाळले, रेनडिअर मेले, तर ते तसेच पडून राहत नाही. बुरशी आणि जिवाणू ते कुजवतात. पण त्यांना मदतनीस लागतात. माइट आणि इतर जीव पानांचे बारीक तुकडे करतात. स्प्रिंगटेल बुरशी चरतात, जशा शेळ्या माळावरचे गवत चरतात. हलके चरले की गवताला नवे धुमारे फुटतात, फार चरले की माळ उघडा पडतो. बुरशीचेही तसेच. सूत्रकृमी जिवाणूंना खाऊन त्यांच्या अंगातले नायट्रोजन मोकळे करतात, ते पुढे मुळांना मिळते. ही साखळी चालते म्हणून टुंड्रातली झुडपे जगतात, त्यांवर रेनडिअर आणि हंस जगतात.

कुजताना पानांतला कार्बन हवेत जातो, कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने. पाणथळ जागी मिथेनही तयार होतो. आपल्याकडच्या उष्ण मातीत हे काम झपाट्याने होते. कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकलेली भाजीची देठे दीड-दोन महिन्यांत ओळखू येत नाहीत. टुंड्रात मात्र थंडीमुळे कुजणे रखडते. वर्षानुवर्षे पाने साठत गेली, गाडली गेली, गोठली. त्यामुळे उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशातल्या मातीत आज सुमारे दीड लाख कोटी टन सेंद्रिय कार्बन पडून आहे. आपल्या सगळ्या वातावरणात जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळपास दुप्पट!

ही पृथ्वीची जुनी मुदत ठेव समजा. ती मोडायची का, आणि किती वेगाने, हे ज्यांच्या हातात आहे त्यांत बुरशी व जिवाणूंबरोबर हे बारीक प्राणीही आहेत. म्हणून त्यांची संख्या घटते की वाढते, कोण जाते आणि कोण राहते, याकडे शास्त्रज्ञ डोळ्यांत तेल घालून पाहत असतात.

कुजण्याचा वेग मोजण्याची एक पद्धत तर तुम्हाला फारच आवडेल. चहाच्या पिशव्या! हिरव्या चहाची आणि रुइबॉस नावाच्या आफ्रिकी चहाची अशा दोन पिशव्या वजन करून जमिनीत पुरतात. सुमारे तीन महिन्यांनी काढून, वाळवून पुन्हा वजन करतात. किती वजन घटले, त्यावरून तिथली माती किती ‘भुकेली’ आहे ते कळते. जगभरात शाळकरी मुलांपासून संशोधकांपर्यंत अनेकांनी हा प्रयोग केला आहे.

पारा किती चढला?

आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा खूप वेगाने तापतो आहे. १९७९ पासूनच्या नोंदी तपासून फिनलंडच्या हवामान शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये सांगितले, की हा वेग जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट आहे. याचे एक मोठे कारण सोपे आहे. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो. बर्फ वितळला की खालचा काळा समुद्र आणि काळी जमीन उघडी पडते, ती ऊन शोषते. त्यामुळे आणखी बर्फ वितळतो. उन्हाळ्यात पांढरा आणि काळा शर्ट घालून पाहिलेल्या कुणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता प्रश्न असा, की या उष्णतेने मातीतल्या जिवांवर नेमका काय परिणाम होतो? उत्तर उन्हाळ्यासाठी वेगळे आहे आणि हिवाळ्यासाठी वेगळे.

उन्हाळा : ऊब चालते, कोरडेपणा नाही

स्वालबार्डमध्ये न्यू-ओलेसुंड नावाचे छोटेसे संशोधन-गाव आहे. उत्तर ध्रुवापासून फक्त सुमारे १२०० किलोमीटरवर. १९९० च्या दशकात तिथे ब्रिटिश संशोधकांनी जमिनीवर प्लास्टिकचे छोटे तंबू लावले. पॉलिहाऊसमध्ये जसे गरम होते तसे आतले तापमान थोडे वाढले. मग वर्षानुवर्षे मातीचे नमुने घेऊन प्राणी मोजले.

कवचवाल्या माइटना फारसा फरक पडला नाही. स्प्रिंगटेल मात्र कोरड्या, उघड्या जमिनीवर उष्ण उन्हाळ्यात घटले. कारण त्यांची पातळ कातडी. जिच्यामुळे हिवाळ्यात मनुका होऊन जीव वाचतो, तीच कातडी उन्हाळ्यात घात करते. जमीन वाळली की अंगातले पाणी उडून जाते. ओलसर शेवाळ असेल तर निभावून जाते, उघड्या मुरमाड जमिनीवर पळायला जागा नसते.

असाच धडा ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या झाकेनबर्ग संशोधन केंद्रातून मिळाला. तिथे १९९६ पासून दर उन्हाळ्यात जमिनीत पिवळ्या वाट्या पुरून त्यांत पडणारे कोळी, माश्या, स्प्रिंगटेल, माइट मोजले जातात. २०१४ पर्यंत गोळा झालेल्या जवळजवळ सहा लाख जिवांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. पाने खाणारे कीटक आणि इतरांच्या अंगावर वाढणारे परजीवी साधारणपणे वाढले. जमिनीच्या पृष्ठभागावर पालापाचोळा कुजवणारे मात्र घटले. आणि हा बदल ओल्या जागांपेक्षा कोरड्या जागी पाचपटीपर्यंत तीव्र होता.

म्हणजे थर्मामीटर एकटा सगळे सांगत नाही. दोन-तीन अंश वाढले तरी माती ओली राहिली तर हे जीव तग धरतात. वाढलेली उष्णता आणि हरवलेला ओलावा एकत्र आले की पातळ कातडीवाले आधी जातात, चिलखतवाले मागे उरतात.

हिवाळा : गोधडी ओढली जाते तेव्हा

हिवाळ्याचे प्रकरण जास्त गंभीर आहे आणि जरा उलटे वाटणारे आहे. बर्फ थंड असतो हे खरे, पण भुसभुशीत बर्फाचा जाड थर हवा धरून ठेवतो, त्यामुळे तो गोधडीचे काम करतो. वर उणे ३० अंशांचा वारा सुटलेला असताना त्या गोधडीखालची जमीन बरीच उबदार असते. मातीतले जीव ही गोधडी पांघरूनच हिवाळा काढतात.

आता हवामान बदलामुळे ऐन हिवाळ्यात मध्येच उबदार हवेचा झोत येतो. कधी चक्क पाऊस पडतो. ३० जानेवारी २०१२ रोजी न्यू-ओलेसुंडला एका दिवसात ९८ मिलिमीटर पाणी पडले. तिथला तो ऐन हिवाळा, सूर्य उगवतही नाही असे दिवस. अशा पावसाने दोन गोष्टी होतात.

एक तर बर्फाची गोधडी वितळते. आठवड्याने थंडी परतते, तेव्हा जमीन उघडी असते. म्हणजे हवा गरम झाल्यामुळे मातीतल्या जिवांना आधीपेक्षा जास्त थंडी सोसावी लागते! त्यात मधल्या उबेने काही जीव फसतात. वसंत आला असे समजून त्यांची गोठणरोधक तयारी सैल पडते. पुन्हा पारा घसरतो तेव्हा ते बेसावध असतात. गोठणे-वितळणे-गोठणे हा फेरा जितक्या वेळा होतो तितका फटका वाढतो.

दुसरी गोष्ट, पावसाचे पाणी जमिनीवर गोठून काचेसारखा कडक थर होतो. त्याखाली हवा खेळत नाही. स्वालबार्डमध्ये संशोधकांनी मुद्दाम असा थर तयार करून पाहिला. वसंतात मोजणी केली तेव्हा स्प्रिंगटेल लक्षणीय घटलेले होते. माइट पुन्हा एकदा आपल्या चिलखतात सुखरूप होते. हाच थर मोठ्या प्राण्यांचाही काळ ठरतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पावर पावसानंतर चाऱ्यावर बर्फाचे कडे बसले. नेनेत्स पशुपालकांचे सुमारे ६१,००० रेनडिअर भुकेने मेले. ती बातमी झाली. त्याच प्रकारच्या थराखाली मातीत काय होते, याची बातमी कोण देणार?

स्वीडनच्या उत्तरेला आबिस्को इथे तर थेट प्रयोगच झाला. हिवाळ्यात जमिनीवर इन्फ्रारेड दिवे लावून आठवडाभर ऊब दिली, मग दिवे काढले. दोन वर्षे असे केले. दुसऱ्या खेपेनंतर माइटची संख्या ३९ टक्क्यांनी घटलेली आढळली. इथे माइटही सुटले नाहीत. आणि गंमत अशी, की स्प्रिंगटेलची एकूण संख्या पाहिली तर फारसे काही बिघडलेले दिसत नव्हते. पण बारकाईने पाहिल्यावर कळले, की खोल मातीत राहणारे सर्वांत लहान स्प्रिंगटेल मागे पडले होते आणि पाचोळ्यात राहणाऱ्या मोठ्यांचे वर्चस्व झाले होते. एखाद्या गल्लीतली घरे तेवढीच राहावीत पण रहिवासी बदलून जावेत, तसे. नुसती डोकी मोजून भागत नाही ते यासाठीच.

कोळी, स्प्रिंगटेल आणि बुरशी : एक कौटुंबिक मालिका

आता जी गोष्ट सांगणार आहे ती कुठल्याही मालिकेला मागे टाकेल. अलास्काच्या टुंड्रात वुल्फ स्पायडर नावाचे कोळी पुष्कळ असतात. हे जाळे विणत नाहीत, धावून शिकार करतात. स्प्रिंगटेल हे त्यांचे खाद्य. अमेरिकी संशोधक अमांडा कोल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी तिथे जमिनीचे छोटे तुकडे कुंपण घालून वेगळे केले. काहींत कोळी कमी ठेवले, काहींत जास्त. काही तुकडे किंचित गरम केले, काही तसेच ठेवले.

नेहमीच्या तापमानात अपेक्षेप्रमाणे झाले. कोळी जास्त असतील तिथे स्प्रिंगटेल कमी होण्याकडे कल दिसला. चरणारे कमी झाले म्हणून बुरशीला मोकळे रान मिळाले, आणि पाचोळा लवकर कुजला.

गरम केलेल्या तुकड्यांत मात्र उलटे घडले. कोळी जास्त असूनही स्प्रिंगटेल वाढण्याकडे कल होता, आणि कुजण्याचा वेग मंदावला. कोळ्यांनी खाण्याच्या सवयी बदलल्या असाव्यात किंवा ते आपसातच भांडू लागले असावेत, अशी शक्यता मांडली गेली. कारण काहीही असो, दीड-दोन अंशांच्या फरकाने घरातल्या नात्यांचे सगळे समीकरण फिरले.

तुम्ही म्हणाल, कुजणे मंदावले म्हणजे कार्बन जमिनीतच राहिला, मग ही चांगलीच बातमी झाली! त्या तुकड्यापुरती म्हणायला हरकत नाही. पण त्यावर विसंबून राहता येत नाही. एकीकडे उष्णतेने जिवाणूंचा कामाचा वेग वाढतो, पर्माफ्रॉस्ट खोलवर वितळून जुना साठा उघडा पडतो, तर दुसरीकडे कोळी आणि स्प्रिंगटेलचा हिशेब बदलतो. मातीतला प्रत्येक जीव वेगळ्या दिशेला ओढतो. पृथ्वी किती तापेल याचे अंदाज बांधणाऱ्या शास्त्रज्ञांना म्हणूनच या एक मिलिमीटरच्या प्राण्यांची दखल घ्यावी लागते.

न बोलावता आलेले पाहुणे

आपल्याकडे गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र. गांडूळखताचे गुण आपण शाळेपासून ऐकतो. पण मित्रही चुकीच्या घरात शिरला तर गडबड होते.

हिमयुगात उत्तरेकडची बरीच जमीन हिमनद्यांखाली गेली आणि तिथली गांडुळे नाहीशी झाली. गांडूळ स्वतःहून सरकते ते वर्षाला जेमतेम काही मीटर. त्यामुळे टुंड्राचा मोठा भाग हजारो वर्षे गांडुळांशिवाय घडला. आता माणूस त्यांना घेऊन जातो. बागेच्या मातीतून, रोपांच्या मुळांबरोबर, मासेमारीचे आमिष म्हणून. आणि ऊब वाढल्याने ती तिथे टिकू लागली आहेत.

आबिस्कोजवळच्या एका प्रयोगात टुंड्राच्या मातीत गांडुळे सोडली. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वनस्पतींना भरपूर नायट्रोजन मिळाले, गवत हिरवेगार आणि उंच झाले. परिणाम इतका मोठा, की तापमानवाढीच्या परिणामाशी त्याची तुलना करावी लागली. हिरवे गवत पाहून आपल्याला आनंद होईल. पण टुंड्राची बुटकी झुडपे आणि शेवाळ कमी अन्नावर जगायला सरावलेली असतात. खत वाढले की उंच गवत त्यांच्या डोक्यावरून जाते, सावली धरते, आणि जुन्या रहिवाशांना हळूहळू बाहेर पडावे लागते.

स्वालबार्डवरच्या बॅरेंट्सबर्ग या रशियन खाण-वसाहतीतही असेच घडले. तिथल्या काचघरात भाजी पिकवण्यासाठी बाहेरून माती आणली होती. संशोधकांनी ती तपासली तेव्हा तीत अनेक परके बारीक जीव सापडले, त्यांतले काही स्वालबार्डला पूर्वी कधीच नोंदले गेले नव्हते. म्हणूनच अशा ठिकाणी जाणाऱ्या पर्यटकांना आणि संशोधकांना बुटांचे तळवे घासून साफ करून यायला सांगतात.

या मातीशी आपले नाते

हे सगळे हजारो किलोमीटर दूर घडते आहे, पण भारत तिथे नुसता प्रेक्षक नाही. त्याच न्यू-ओलेसुंड गावात जुलै २००८ पासून ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार चालतो गोव्यातल्या वास्को-द-गामा इथून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. गोव्याला सुट्टीत गेलेल्या किती जणांना हे ठाऊक असते? समुद्रकिनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर ध्रुवावरच्या मोहिमांची आखणी चाललेली असते.

पूर्वी भारतीय संशोधक मुख्यतः उन्हाळ्यात तिथे जात. डिसेंबर २०२३ पासून हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या. आपण वर पाहिले, की मातीतल्या जिवांचा खरा कस हिवाळ्यातच लागतो. त्यामुळे अंधाऱ्या महिन्यांतल्या नोंदींना मोल आहे. शिवाय २०२२ मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या आर्क्टिक धोरणात तिथल्या बदलांचा आपल्या मॉन्सूनशी आणि हिमालयाशी असलेला संबंध अभ्यासण्यावर भर आहे. टुंड्रातून सुटलेला कार्बन नॉर्वेचा की भारताचा हे हवेला कळत नाही. त्याची ऊब नाशिकच्या द्राक्षबागेलाही लागते आणि इंदूर-बडोद्यातल्या गच्चीलाही.

तुमच्या कुंडीतले स्प्रिंगटेल पाहायचेत?

आर्क्टिकला जाणे जमणार नाही, पण त्या मंडळींचे नातेवाईक तुमच्या घरी नक्की आहेत. कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यावर कधी पांढुरके बारीक ठिपके उड्या मारताना दिसले आहेत? ते बहुधा स्प्रिंगटेलच. पावसाळ्यात ते जास्त दिसतात. ते चावत नाहीत, रोपाचे नुकसानही सहसा करत नाहीत. तेव्हा त्यांच्यावर फवारा मारायची घाई करू नका.

त्यांना नीट पाहायचे असेल तर शास्त्रज्ञ वापरतात तीच पद्धत सुट्टीच्या दिवशी मुलांबरोबर करून पाहा. इटलीच्या अंतोनियो बेर्लेसे यांनी १९०५ मध्ये ती शोधली आणि स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन यांनी तिच्यात दिव्याची भर घातली.

साहित्य: प्लास्टिकची मोठी बाटली, कांद्याच्या पिशवीच्या जाळीचा तुकडा, काळा कागद, टेबललॅम्प आणि बागेतला ओलसर पाचोळा.

कृती: बाटलीचा वरचा भाग कापून उलटा करा आणि नरसाळ्यासारखा खालच्या भागावर बसवा. नरसाळ्यात जाळी ठेवून तीवर मूठ-दोन मुठी पाचोळा आणि थोडी माती सैलसर भरा. तळाशी बोटभर पाणी घाला आणि खालच्या भागाला बाहेरून काळा कागद गुंडाळा. वर वीतभर अंतरावर जुना पिवळा बल्ब लावा. एलईडी फारसा तापत नाही, म्हणून तो इथे कामाचा नाही.

वरून पाचोळा तापतो, वाळतो. प्राणी उजेड आणि कोरडेपणा टाळून खाली सरकतात आणि शेवटी टपकन पाण्यात पडतात. स्प्रिंगटेल बुडत नाहीत, त्यांची कातडी पाणी झटकते, म्हणून ते वर तरंगतात. काही तासांनी पाणी पांढऱ्या वाटीत ओता आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भिंग धरून फोटो काढा. पाहून झाले की सगळ्यांना परत कुंडीत सोडा. बल्ब गरम होतो, त्यामुळे जवळ मोठे माणूस हवेच आणि रात्रभर दिवा चालू ठेवू नका.

मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: दिवा लावल्यावर प्राणी खाली का पळाले? न्यू-ओलेसुंडच्या तंबूत आणि झाकेनबर्गच्या कोरड्या माळावर हेच घडते. फरक एवढाच, की बाटलीतल्या स्प्रिंगटेलला खाली उतरायला ओली जागा असते. टुंड्रात जरा खाली गेले की गोठलेली जमीन लागते.

आपल्या अंगणातल्या मातीसाठी मात्र आपण आजपासून काही करू शकतो. पालापाचोळा जाळू नका, झाडांच्या बुंध्याशी पसरून ठेवा. ओला कचरा कुंडीतच जिरवा. कीटकनाशक हाताशी आहे म्हणून मारू नका. माती झाकलेली आणि ओलसर राहिली तर तुमच्या कुंडीतले हे सहा पायांचे सफाई कामगार कडक उन्हाळ्यातही टिकून राहतील, आणि तुमचा मोगरा त्यांचे आभार मानेल.